मुलाचा खर्च आधी मोजा

माननीय मुख्य न्यायमूर्ती,
मुंबई उच्च न्यायालय यांस,



मी पुण्यातला एक कर सल्लागार. विवरणपत्रं, जीएसटी, दुकानदारांचे हिशेब हे माझं रोजचं काम. कायद्याची पदवी माझ्याकडे नाही. तरी गेल्या काही वर्षांत कराशी काडीचा संबंध नसलेले कागद माझ्या टेबलावर येऊ लागले आहेत. पोटगीच्या अर्जासोबत मालमत्तेचं आणि देण्यांचं शपथपत्र जोडावं लागतं. वकील पक्षकाराला सांगतात, ‘आकड्यांचं तेवढं टॅक्सवाल्याकडून भरून आणा.’ मग कधी नवरा येतो, कधी बायको, कधी तिचा भाऊ. एकाच प्रकरणातले दोघे मी अर्थातच घेत नाही, पण दोन्ही बाजूंची माणसं मला भरपूर भेटतात आणि आदेश झाला की त्याची प्रत दाखवायलाही येतात.

या कागदांतून जे दिसलं ते आपल्यापुढे जाहीरपणे मांडतो आहे, कारण महाराष्ट्रातल्या आणि गोव्यातल्या खालच्या न्यायालयांना वळण लावण्याचा अधिकार आपल्याकडे आहे. म्हणणं थोडक्यात असं: वेगळ्या झालेल्या आईबापांच्या मुलाला दरमहा किती पैसे लागतात, हे बहुतेक आदेशांत कुठेच मोजलेलं नसतं. बापाचा पगार लिहिलेला असतो, आईने मागितलेली रक्कम लिहिलेली असते, दोघांनी एकमेकांवर केलेले आरोप चार पानं भरून असतात. शेवटच्या परिच्छेदात ‘सर्व परिस्थिती विचारात घेता’ असं म्हणून एक गोल आकडा येतो. पाच हजार. आठ हजार. तो कुठून आला हे देणाऱ्याला कळत नाही, घेणारीला कळत नाही, आणि आकडेमोडीवर पोट भरणाऱ्या मलाही कळत नाही.

कायद्यानेच ही जागा मोकळी ठेवली आहे. फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १२५ आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४ झालं, १ जुलै २०२४ पासून. क्रमांक बदलला, पण दंडाधिकाऱ्याला योग्य वाटेल तो मासिक दर ठरवायचा, ही भाषा कायम आहे. केंद्रीय कायद्यात २००१ पर्यंत तर दरमहा ५०० रुपयांची कमाल मर्यादा होती, सगळं मिळून. ती गेली हे चांगलंच झालं. तिच्या जागी मोजमाप मात्र आलं नाही. हिंदू विवाह कायद्याचं कलम २६ न्यायालयाला मुलांच्या पालनपोषणाबद्दल आणि शिक्षणाबद्दल ‘न्याय्य व उचित’ आदेश करायला सांगतं. १९५६ च्या दत्तक व निर्वाह कायद्याचं कलम २० मुलांना पोसण्याची जबाबदारी बापाबरोबर आईवरही टाकतं. म्हणजे दोघांवर जबाबदारी आहे इतकं नक्की. किती, कुणी, कशाच्या प्रमाणात, यावर कायदा गप्प आहे.

सर्वोच्च न्यायालय मात्र गप्प बसलेलं नाही, आणि त्यातला महत्त्वाचा निकाल आपल्याच अंगणातून गेलेला आहे. ‘रजनेश विरुद्ध नेहा’ हे प्रकरण नागपूरचं. २०१३ मध्ये आईने अंतरिम पोटगी मागितली तेव्हा मूल तान्हं होतं. कुटुंब न्यायालयाने त्या मुलासाठी आधी दरमहा ५,००० आणि सप्टेंबर २०१५ पासून १०,००० रुपये ठरवले. बाप उच्च न्यायालयात गेला, तिथून दिल्लीला गेला. ४ नोव्हेंबर २०२० ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला तोवर पोरगं शाळेच्या वयाचं झालं होतं. अंतरिम रकमेच्या वादाला सात वर्षं! त्या निकालाने दोन्ही पक्षांना उत्पन्न उघड करणारं शपथपत्र सक्तीचं केलं, अंतरिम अर्ज चार ते सहा महिन्यांत निकाली काढण्याची अपेक्षा ठेवली आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायला सांगितलं. मुलांबद्दल त्यात स्पष्ट म्हटलं आहे की अन्न, कपडे, राहणं, औषधोपचार, शिक्षण हे सगळं खर्चात धरायचं, वाजवी शिकवणीही धरायची. शिक्षणाचा खर्च सर्वसाधारणपणे बापाने करायचा, आणि आई पुरेशी कमावत असेल तर दोघांनी प्रमाणात वाटून घ्यायचा.

प्रमाणाची ही गोष्टही तेव्हा नवी नव्हती. २००० साली ‘पद्मजा शर्मा’ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने दोघांचे पगार समोर ठेवले, दर मुलामागे महिना ३,००० रुपये लागतील असा आकडा धरला आणि तो बापाने दोन भाग, आईने एक भाग असा उचलावा, असं सांगितलं. आधी खर्च, मग वाटणी. मला विचाराल तर मुलाच्या पोटगीचं सगळं शहाणपण या क्रमात आहे. पंचवीस वर्षं झाली, तो क्रम खालच्या न्यायालयांत रुजलेला मला दिसत नाही. शपथपत्रांचीही तीच गत. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये, एका मुलीच्याच निर्वाहाच्या प्रकरणात, ती शपथपत्रं घेतलीच जात नाहीत याबद्दल सर्वोच्च न्यायालयाला नाराजी नोंदवावी लागली आणि जुना निकाल देशभर पुन्हा पाठवायला सांगावा लागला.

खालच्या न्यायालयांत चालतात ते ठोकताळे. सर्वात लाडका २५ टक्क्यांचा. २०१७ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने नवऱ्याच्या निव्वळ पगाराच्या २५ टक्के रक्कम पत्नीला देणं योग्य म्हटलं होतं, तेव्हापासून वकिलांच्या तोंडी हा आकडा बसला आहे. पण त्या प्रकरणातही शेवटी जी रक्कम ठरली ती पत्नी आणि मुलगा दोघांना मिळून होती. मूल एक असो की तीन, बालवाडीत असो की बारावीत, पंचवीस म्हणजे पंचवीस! दिल्ली उच्च न्यायालयाने २००४ मध्ये वाटे पाडण्याची एक रीत सांगितली: कमावणाऱ्याला दोन वाटे, बाकी प्रत्येकाला एक. ती जास्त समजूतदार आहे, निदान माणसं तरी मोजते. तरी तिथेही सुरुवात पैसे किती आहेत इथून होते, मुलाला काय लागतं इथून होत नाही.

आता एक मासला करून पाहू. जोडपं काल्पनिक आहे, आकडे पुण्याच्या मध्यमवर्गात रोज दिसणारे आहेत. बापाच्या हातात ८०,००० येतात, आईच्या २५,०००. ती खासगी शाळेत शिकवते. मुलगी नऊ वर्षांची, आईकडे राहते.

न्यायालयात विचारलं जातं, ‘शाळेची फी किती?’ उत्तर येतं, वर्षाला ५४,०००, म्हणजे महिना ४,५००. समोरचे वकील लगेच म्हणतात, मग आठ हजार पुष्कळ झाले. आता घरी बसून मोजू. व्हॅनचे १,८००. वह्यापुस्तकं, गणवेश, बूट, सहल धरून महिना हजार. किराणा, दूध, फळं, डबा यांतला मुलीचा वाटा ५,२००. दवाखाना, चष्मा, विम्याच्या हप्त्यातला भाग मिळून हजार. आईने दोन खोल्यांचं घर घेतलं ते मुलीमुळे, एकटी असती तर एखाद्या खोलीत किंवा माहेरी राहिली असती. तेव्हा भाड्यातला मुलीचा वाटा ४,५००. शाळा सुटल्यापासून आई घरी येईपर्यंत ती शेजारच्या काकूंकडे असते, त्यांचे २,०००. कपडे, वाढदिवस, पोहण्याचा क्लास मिळून हजार. बेरीज २१,०००. यात चैनीचा एक पैसा नाही.

आठ हजारांचा आदेश झाला तर काय होतं ते पाहा. बाप आपल्या पगाराचा दहावा हिस्सा देतो. उरलेले १३,००० आई देते, म्हणजे स्वतःच्या पगाराचा अर्ध्याहून जास्त भाग. जिचं उत्पन्न बापाच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी, तिच्यावर मुलीच्या खर्चातला मोठा वाटा. आदेशात असं कुठेही लिहिलेलं नसतं. लिहिलं असतं तर कोणत्याही न्यायाधीशाची सही त्याखाली झाली नसती. मोजलंच नाही, म्हणून ते दिसलं नाही.

पद्मजा शर्मा प्रकरणाच्या रीतीने २१,००० ची वाटणी ८० ला २५ अशी केली, तर बापाचे १६,००० आणि आईचे ५,००० होतात. दोघांच्याही पगाराचा पाचवा हिस्सा जातो. कागदावर समान. पण ८०,००० मधून पाचवा हिस्सा गेला तर एखाद्या गुंतवणुकीचा हप्ता थांबतो, २५,००० मधून गेला तर महिनाअखेरीला उसनवारी करावी लागते. म्हणून माझी सूचना अशी की आधी दोघांच्याही पगारातून स्वतःला जगायला लागेल इतकी सारखी रक्कम बाजूला काढावी, समजा १५,०००, आणि उरलेल्या पैशांच्या प्रमाणात मुलाचा खर्च वाटावा. तसं केलं तर ६५ ला १० हे प्रमाण येतं: बापाने १८,२००, आईने २,८००. बापाकडे ६१,८०० उरतात. तो रस्त्यावर येत नाही.

आता उलटं करू, नाहीतर हे पत्र पुरुषांविरुद्ध लिहिलं आहे असं वाटेल. आई बँकेत अधिकारी, ९०,००० कमावते. बाप ३०,००० वर. मूल आईकडेच. अशा वेळी आदेशांत हमखास वाक्य येतं, आई सक्षम आहे. आणि बापाचं नाव हिशेबातूनच पुसलं जातं. वरच्याच रीतीने मोजलं तर आईचे १७,५०० आणि बापाचे ३,५०० होतात. रक्कम लहान आहे, पण ती मुलाची आहे. आई श्रीमंत म्हणून बाप मोकळा, असं कायदा कुठेही म्हणत नाही. आणि मूल अशा बापाकडे राहत असेल तर आईनेच त्याला पैसे द्यायला हवेत, हे ऐकून अजूनही माझ्यासमोरच्या खुर्चीतली माणसं चपापतात. तशा आईला लाजिरवाणं वाटतं, बापाला त्याहून जास्त. तो मागतच नाही. त्याच्या आत्मसन्मानाची किंमत पोराच्या डब्यातून वळती होते.

मोजणीच्या आड येणारी दुसरी गोष्ट म्हणजे पगाराची चिठ्ठी. मी पाहिलेल्या एका चिठ्ठीचं वर्णन करतो. आयकर, सक्तीचा भविष्य निर्वाह निधी आणि व्यवसाय कराचे २०० रुपये (फेब्रुवारीत ३००) वजा जाता त्या गृहस्थांना ८०,००० च्या घरात मिळायला हवे होते. चिठ्ठीच्या तळाशी होते ४८,०००. मधल्या जागेत कर्मचारी पतपेढीच्या कर्जाचा हप्ता आणि स्वेच्छेने वाढवून घेतलेला भविष्य निर्वाह निधी बसले होते. कर्ज घेतल्याचा महिना न्यायालयाची नोटीस हाती पडल्यानंतरचा होता. स्वेच्छेच्या कपाती धरायच्या नाहीत, हे न्यायालयांनी पुष्कळदा सांगितलं आहे. पण ती चिठ्ठी चष्मा लावून ओळीओळीने वाचायला वेळ कुणाला आहे? मुलाच्या पोटगीसाठी उत्पन्न म्हणजे काय आणि कोणत्या कपाती धरायच्या, हे एकदाच चार ओळींत छापून ठेवलं तर हा खेळ पहिल्याच तारखेला संपेल.

नोकरदार तरी परवडले. व्यापाऱ्याच्या विवरणपत्रावर मी स्वतः सही घेतो, तेव्हा मला माहीत आहे की अंदाजित नफ्याच्या योजनेत उलाढालीच्या ८ टक्के, आणि बँकेतून आलेल्या रकमेवर ६ टक्के, नफा दाखवला की आयकर खातं समाधानी असतं. ती सोय कर भरण्यासाठी आहे. खरा नफा त्याहून बराच जास्त असू शकतो. त्या आकड्यावर मुलाची पोटगी ठरवणं म्हणजे तिजोरीच्या सोयीने मुलाला उपाशी ठेवणं. शेतकऱ्याचं उत्पन्न तर करपात्रच नाही, म्हणून बहुतेकदा कागदावरही नाही. सातबारा आजोबांच्या नावावर, उसाचं बिल चुलत्याच्या खात्यावर, आणि शपथपत्रात ‘शेतमजुरी’. शेतीवाल्यांसाठी रजनेश निकालाने वेगळा नमुना दिला आहे, तो भरून आणलेला मी क्वचितच पाहतो. अशा वेळी उत्पन्न शोधत बसण्यापेक्षा राहणीमान पाहावं: गाडी कुठली, मोबाइलचं बिल किती, फास्टॅगचा उतारा काय सांगतो, दर महिन्याला यूपीआयने किती जातं. गेलेला पैसा लपवणं आलेल्या पैशापेक्षा अवघड असतं.

लपवाछपवी ही काही पुरुषांची मक्तेदारी नव्हे. घरी शिकवण्या घेणाऱ्या, डब्यांचा धंदा करणाऱ्या, ब्युटी पार्लर चालवणाऱ्या बायकांनी शपथपत्रात ‘उत्पन्न निरंक’ लिहिलेलं मी पाहिलं आहे. ‘सगळं रोखीत असतं हो, कुठं दाखवायचं?’ बापांची एक तक्रार तर मला अगदी खरी वाटते. शाळेची फी तो थेट भरतो, सुट्टीत मूल आठवडाभर त्याच्याकडे असतं तेव्हाचा खर्च तो करतो, आणि हे सगळं ‘ऐच्छिक’ म्हणून बाजूला पडतं. शपथपत्राच्या नमुन्यात कुठला पालक स्वेच्छेने काय देतो याची जागा आहे. ती भरली तर आदेशात तिची वजावट दिसायला हवी. दिलेलं मोजलं जात नाही हे कळलं की माणूस देणं थांबवतो, आणि नुकसान मुलाचं होतं.

पण सगळ्यात जास्त बुडते ती न मोजलेली मेहनत. मूल ज्याच्याकडे राहतं त्याची सुट्टी तापात जाते, बढती बदलीमुळे नाकारावी लागते, संध्याकाळची शिकवणी सोडावी लागते. मुलीच्या २१,००० च्या यादीत याला जागा नाही. याचे पैसे लावा असं मी म्हणत नाही. तसं केलं तर दर तासाचा भाव ठरवण्यावर वकील आणखी दोन वर्षं काढतील. पण वाटणीत त्याचं वजन धरावं. जर्मनीच्या कायद्याने हे सरळ लिहून टाकलं आहे: लहान मूल ज्या पालकाजवळ वाढतं, तो पालक त्याची देखभाल करून आपली जबाबदारी सर्वसाधारणपणे पार पाडतोच, पैसे दुसऱ्याने द्यायचे.

जर्मनीचं नाव घेतलं ते मुद्दाम. तिथे १९६२ पासून एक तक्ता चालतो, ड्युसेलडॉर्फचा तक्ता म्हणून. एका बाजूला देणाऱ्या पालकाचं निव्वळ उत्पन्न, दुसऱ्या बाजूला मुलाचं वय: पाचपर्यंत, सहा ते अकरा, बारा ते सतरा, अठराच्या पुढे. दोन्ही रेघा जिथे मिळतात तिथे रक्कम. देणाऱ्याच्या हातात किमान किती राहिलंच पाहिजे, हेही त्यात लिहिलेलं असतं. आपल्याला सांगण्याजोगी गोष्ट अशी की तो तक्ता कुठल्या संसदेने केलेला नाही. ड्युसेलडॉर्फचं वरिष्ठ न्यायालय तो काढतं, वेळोवेळी सुधारतं, आणि तो बंधनकारक नसूनही देशभरची न्यायालयं त्याच्यावर चालतात. म्हणजे एका उच्च न्यायालयाला हे करता येतं.

इतरांचे मार्ग वेगळे आहेत. ब्रिटनमध्ये देणाऱ्याच्या ढोबळ साप्ताहिक उत्पन्नाचे, ८०० पौंडांपर्यंत, एका मुलासाठी १२ टक्के, दोघांसाठी १६, तीन किंवा अधिक मुलांसाठी १९. मूल ज्याच्याकडे आहे त्याची कमाई पाहिलीच जात नाही. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत, आपली इतकी मराठी घरं जिथे आहेत त्या न्यू जर्सीतही, दोघांचं उत्पन्न एकत्र करून मुलाचा खर्च तक्त्यातून काढतात आणि प्रमाणात वाटतात. तिथे घटस्फोट घेतलेल्या एका भाच्याने मला विचारलं, ‘मामा, भारतात कुठल्या वेबसाइटवर हा आकडा काढतात?’ मी हसलो. दुसरं काय करणार होतो?

यावर नेहमीचा आक्षेप मला माहीत आहे: वांद्र्याचं मूल आणि गडचिरोलीचं मूल एका तक्त्यात कसं बसवणार? नाही बसवायचं. महाराष्ट्र शासन दुकानं आणि आस्थापनांतल्या कामगारांचं किमान वेतन ठरवताना राज्याची परिमंडळं पाडतं, आणि महागाईप्रमाणे दर सहा महिन्यांनी विशेष भत्ता बदलतं. त्या घडणीवर मुलाच्या खर्चाचा सूचक तक्ता करता येईल, परिमंडळ आणि वय यांनुसार. न्यायाधीशांचे हात त्याने बांधले जाणार नाहीत. मुलाला दमा आहे, मूल विशेष शाळेत आहे, बापाला आणखी दोन मुलं आहेत, तर रक्कम बदलावी आणि का बदलली ते दोन ओळींत लिहावं. आज विवेक वापरला जातो, पण कशावर वापरला हे दिसत नाही, म्हणून वरच्या न्यायालयात जाऊन भांडायला दोघांनाही वाव मिळतो. तक्ता असेल तर निम्मे लोक समुपदेशकांच्या खोलीतच आकड्यावर येतील, असं मला माझ्या टेबलाच्या अनुभवावरून वाटतं. माणसं रकमेवर जितकी भांडतात त्याहून जास्त ‘मला फसवलं’ या भावनेवर भांडतात.

वाढीचंही तसंच. आदेश बालवाडीच्या वयात होतो आणि मूल आठवीत गेलं तरी तीच रक्कम चालू राहते. वाढवून मागायला नवा अर्ज करावा लागतो, जुन्या कलम १२७ खाली, आता १४६. पुन्हा वकील, पुन्हा तारखा. थकलेली आई म्हणते, जाऊ द्या. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका घटस्फोटित पत्नीला दरमहा ५०,००० देताना दर दोन वर्षांनी ५ टक्के वाढ त्याच आदेशात घालून दिली. पत्नीला जे मिळू शकतं ते वाढत्या वयाच्या मुलाला तर आधी मिळायला हवं. वर्षागणिक वाढीचं एक वाक्य आदेशात असलं की पुढचे तीन अर्ज वाचतील.

अठराव्या वर्षाचा प्रश्न मात्र आपल्याही हातात पूर्ण नाही, हे मला समजतं. मुलगा बारावीच्या परीक्षेला बसला असेल किंवा अभियांत्रिकीच्या सीईटीची तयारी करत असेल, नेमका त्याच सुमारास तो सज्ञान होतो आणि रक्कम थांबते. अविवाहित मुलीला १९५६ च्या कायद्याचा आधार आहे, मुलाला नाही. न्यायमूर्ती अजित प्रकाश शहा अध्यक्ष असताना विधी आयोगाने मे २०१५ मध्ये पालकत्व आणि ताब्यावरचा २५७ वा अहवाल दिला. त्यात मुलाच्या निर्वाहाची रक्कम ठरवण्याचे निकष सुचवले होते आणि गरज असेल तर २५ व्या वर्षापर्यंत मदत चालू ठेवण्याची मुभाही. शहासाहेब आपल्याच उच्च न्यायालयात न्यायाधीश होते. दहा वर्षांहून अधिक काळ तो अहवाल धूळ खात पडला आहे.

संमतीच्या घटस्फोटात तर मूल उघड्यावरच पडतं. अटी ठरत असताना एक बाई माझ्यासमोर म्हणाली होती, ‘मला काही नको, पोटगी नको, भांडी नकोत, फक्त पोरगी माझ्याकडे राहू दे.’ नवऱ्याच्या वकिलाने ते तसंच अटींत घातलं: आई मुलीच्या निर्वाहाचा हक्क सोडून देते. आईला मुलीचा हक्क सोडता येत नाही, हे न्यायालयांनी सांगितलेलं आहे. तरी अशा अटी टंकलिखित होऊन येतात आणि दोघांची संमती आहे म्हणून निघूनही जातात. बापाचा ताबा सोडण्याचा आणि आईचा पैसे सोडण्याचा हा सौदा न्यायालयाच्या शिक्क्याने होऊ नये. संमतीपत्रासोबत मुलाच्या खर्चाचा तक्ता जोडल्याशिवाय हुकूमनामा नाही, इतकं केलं तरी पुष्कळ होईल.

वसुलीवर फार लिहीत नाही, ते दुखणं वेगळ्या पत्राचं आहे. फक्त एवढंच की थकबाकीच्या वॉरंटसाठी अर्ज रक्कम देय झाल्यापासून एका वर्षात करावा लागतो हे कित्येक आयांना माहीत नसतं. आणि पोटगीच्या हुकूमनाम्यासाठी पगाराचा फक्त एक तृतीयांश भाग जप्तीपासून सुरक्षित असतो हे कित्येक बापांना. आदेशाच्या शेवटी ही दोन वाक्यं मराठीत छापायला खर्च येत नाही.

कुटुंब न्यायालय कायद्याच्या कलम २१ ने नियम करण्याचा अधिकार उच्च न्यायालयाला दिला आहे. तेव्हा विनंती अशी. मुलांच्या पोटगीसाठी एक पानी हिशेबपत्रक तयार करवून घ्यावं: मुलाचा मासिक खर्च, दोघांचं खरं उत्पन्न, दोघांसाठी बाजूला काढलेली रक्कम, प्रमाण, थेट दिलेल्या खर्चाची वजावट, वार्षिक वाढ. ते पत्नीच्या पोटगीपासून वेगळं असावं, म्हणजे आईने नोकरी केली की नाही या वादात मुलाचं जेवण अडकणार नाही. हे पत्रक भरल्याशिवाय मुलाच्या रकमेचा आदेश होऊ नये. परिमंडळनिहाय सूचक तक्त्यासाठी एक लहान समिती नेमावी. तिच्यात न्यायाधीश आणि वकील असतीलच. एखादी मुख्याध्यापिका, एखादी विवाह समुपदेशक आणि आकडे जुळवणारा कुणी तरी असावा. जिथे कुटुंब न्यायालय नाही आणि हे अर्ज दंडाधिकाऱ्यांपुढे चालतात, त्या तालुक्यांचा आवाजही तिच्यात असावा, कारण तिथला गोल आकडा सगळ्यात लहान असतो. मुंबईबरोबर नागपूर, छत्रपती संभाजीनगर, गोवा आणि आता कोल्हापूर इथल्या वकील संघटनांकडूनही मसुद्यावर सूचना मागवाव्यात.

आणि हे होईपर्यंत ज्यांची प्रकरणं चालू आहेत त्या आईबापांना इथूनच सांगतो: पुढच्या तारखेला जाताना मुलाच्या महिन्याच्या खर्चाचा कागद पावत्यांसह सोबत न्या. भाड्यातला आणि किराण्यातला त्याचा वाटा लिहायला विसरू नका, आणि दोघांच्या उत्पन्नाचं प्रमाण त्याच कागदावर मांडा. न्यायालयाने विचारलं नाही तरी तो दाखल करून घ्यायला लावा.

आपला नम्र,
एक कर सल्लागार, पुणे